सासर-माहेर एकाच कागदावर

— असंल बाबा, तुमच्या कागदात वाट असंल. कागद कशाला खोटं बोलंल? त्याला थोडंच पोट भरायचंय? पन पावणं, कागदावर वाट हाय म्हंजी ती चालायची वाट हाय, असं कुनी सांगितलं तुमाला? ही जी टिंब-टिंब रेघ काढलीय न्हवं, ती धरून निघा — कड्याच्या तोंडापतोर झ्याक जाल, मग अजून एक पाऊल टाकाल आनि थेट कोकनात. गाडी नको, तिकीट नको. बसा आधी. बूट ऱ्हाऊ द्या पायात, हितं कोन देव बसलाय? मी कुशाबाई, ह्या छपराची मालकीन. च्या देते, पवं देते आनि ज्याला मरायचंय त्याला वाट दावत न्हाई, एवढाच माझा धंदा. च्या गुळाचा का साकरेचा? गुळाचाच म्हनाल. पुन्याची मान्सं गुळाचाच मागत्यात. आनि चुलीवरचा पायजे, व्हय ना? ही काय चूल, तुमच्यासाठीच मांडलीय. घरात माझ्या ग्यास हाय, सुनेनं आनून दिलाय, पन ग्यासवरचा च्या दिला की तुमी लोकं तोंड वाकडं करता, म्हनून मी आपली डोळं चोळत फुंकनी मारत बसते. हाड! — तुमाला न्हाई, कुत्र्याला. त्याला सॅक दिसली की बिस्कुटाचा वास येतो.

हां, काढा तुमचा नकाशा, पसरा हितं बाकावर, कडंला गलास ठिवा न्हाईतर वाऱ्यानं जाईल. लई जुना म्हनता? इंग्रजाच्या टायमाचा? वा. म्हंजी त्यो हितवर चढून आला व्हता, घाम गाळत, आनि समदं नीट बघून नुसतं चित्र काढून गेला. बरा पावना म्हनायचा, जेवायला तरी थांबला न्हाई. ह्या तपकिरी रेघा कशाच्या? उंचीच्या? जितं दाटल्या तितं कडा? मला वाटलं कागदाला घामोळं उठलंय. आनि निळं म्हंजी पानी — निळं मातर त्यानं हात सोडून काढलंय हां. चैतात या एकदा, त्या निळ्या रेघंतून हंडा भरून दावा, मी तुमाला फुकट जेवू घालते. आमची देवराईमागची विहीर न्हाई दावली त्यानं, हे सांगते तुमाला, तिला बारा म्हयने पानी, आनि ती मातर… काय? ह्यो गोल? ही विहीर? हां. असंल. मग हाय की. बरोबर हाय. मान्साचं ध्यान व्हतं म्हनायचं. तुमी लगेच असं हसू नका.

आनि हे काळं चौकोन म्हंजी घरं? एवढुशी? उवा दिसत्यात केसातल्या. त्यातलं एक माझ्या आजेसासऱ्याचं धरा. तवा समदी कुडाची घरं व्हती, शेनानं लिपलेली. आता सिमिट आलं, पत्रं आलं, लाईट आली, समदं आलं आनि मान्सं गेली. पोरं चाकणला कंपनीत, न्हाईतर पिंपळवंडीला दुसऱ्याच्या बागायतीत. तुमी चालत आला तवा दारं बघितली न्हवं, कुलपं कशी चकचकीत हायेत? जत्रंला येत्यात, कुलपाला तेल घालून जात्यात. माझी सून रुपाली, ती जुन्नरला असते नातीच्या शाळंपायी. म्हनते, आत्या, तुमी पन खाली चला, एकट्या कशाला ऱ्हाता? म्हनलं, एकटी कुठं? दर शनवार-रविवार निम्मं पुनं असतं माझ्या दारात. मी खाली गेले तर ह्यांना कड्यावरनं पडायपासनं धरंल कोन?

वाचा बरं, आमच्या वाडीचं नाव काय लिवलंय त्यानं? मला न्हाई येत ते, इंग्रजी हाय. पाथरवाडी. बरोबर. म्हंजी तवाबी हीच व्हती. आनि हे कड्याच्या पार खाली, हिकडल्या अंगाला? ह्या चौकोनांपाशी काय लिवलंय?… काय म्हनालात? परत वाचा.

करवळवाडी.

न्हाई, काय न्हाई, धूर गेला डोळ्यात. ही वली लाकडं मेली. — आता त्यात लपवायचं काय, माझं म्हायेर हाय ते. पन ते ह्या कागदावर कसं? मला वाटलं ते दुसऱ्या कागदावर असंल. जिल्हा दुसरा, तालुका दुसरा, पुढारी दुसरं, पाऊससुदिक आधी तितं पडतो आनि मग दमून हितं येतो. आनि ह्यानं दोनी एकाच कागदावर बशिवली? थांबा, बोट ठिवते. हे सासर. हे म्हायेर. बघा, हातच हालवावा लागत न्हाई. मधी उगं चिमटीभर जागा. आनि मला जायचं तर काय, सकाळची जुन्नरची यष्टी धरायची, मग वतूर, मग माळशेज उतरायचा, मग टोकावड्याला झाडाखाली बसून जीपड्याची वाट बघायची, मग जीपड्याच्या मागं लटकायचं, दिवे लागायला करवळवाडी. कागदावर चिमटी आनि अंगावर अख्खा दिवस. आता तुमीच सांगा, कागद खोटा का यष्टी खोटी?

आदी न्हवतं तसं. आदी ही वाट व्हती — टिंबं न्हाई, वाट. खडकात खोदलेल्या पायऱ्या, हात घालायला खोबनी. आमची अर्धी वाडी खालनं आलेल्या बायकांची. मी ह्याच टिंबांवरनं नवरी म्हनून वर आले, हिरवं लुगडं गुडघ्यापतोर खोचून. वाजंत्रीवाला पहिल्या चढालाच बसला, म्हनला, वाजवू का श्वास घेऊ? नवरदेव पुढं पळाला, मागं वळून बघंना. ह्याच्यावरनंच वळखायला पायजे व्हतं मी. पन वाट लई कामाची. खालनं मीठ, सुकट, गाडग्या-मडक्याचं वझं. वरनं हिरडा, नाचनी. सकाळी म्हायेरी जावं, आयच्या हातची भाकर खावी, दुपार कलता परत चढावं. सासूला कळायच्या आत माघारी. मग एका पावसाळ्यात दरड आली आनि पायऱ्यांची मधली आख्खी रांग गेली. वरलं टोक हाय, खाललं टोक हाय, मधलंच तेवढं न्हाई. इतं-तितं अर्ज केलं मान्सांनी. साहेब आलं, बघितलं, म्हनले, हिला वाट म्हनायची का? म्हनलं, न्हाई साहेब, आता न्हाई म्हनायची.

घ्या, च्या घ्या. कप गरम हाय, फडकं धरा.

शेवटचं कधी गेले व्हते? काय करायचंय तुमाला? नकाशात लिवायचंय?… गेले व्हते. आय गेली तवा. म्हंजी — आय गेली तवा मी पोचलेच न्हाई, असं म्हना. फोन आला सकाळी, मी तशीच निघाले, जुन्नर, वतूर, माळशेज, टोकावडं. जीपडं मिळंना. पोचले तवा राखेवर पानी मारत व्हते. रामदास — माझा भाऊ, पाठचा — त्यो म्हनला, मान्सं थांबंनात, आभाळ भरून आलं व्हतं. आभाळ भरून आलं व्हतं! आरं, कोकनात आभाळ कधी भरून येत न्हाई? वाट असती तर मी दुपारच्या आत तिच्या उशाला असते, हे त्याला ठावं न्हवतं व्हय? मी उंबऱ्यावरनं फिरले, पानीसुदिक घेतलं न्हाई. तवापासनं बोलनं न्हाई. फोन? हाय की फोन. रुपालीनं नंबर घालून दिलाय, वर त्याचा फोटोबी येतो म्हनं, मिशा पांढऱ्या झाल्यात. मी लावत न्हाई. त्योबी लावत न्हाई. दोघंबी एकाच आयची लेकरं, कोन कुनाला कमी?

पन भाऊबीज मोडली न्हाई. न्हाई, गेले न्हाई मी, त्याच्या दारात पाय ठिवायचा न्हाई म्हनजे न्हाई. तुमच्यात भाऊबीजेला काय करत्यात? बहीन भावाला ओवाळती, भाऊ ताटात ओवाळनी घालतो, फोटो काढत्यात. आमच्यात जिचं म्हायेर कड्याखाली आनि जिला जायला जमलं न्हाई — लेकरू तान्हं असंल, म्हस व्याली असंल, सासू खवीस असंल — तिनं दिवेलागनीला वाटेच्या तोंडाशी उभं ऱ्हायाचं. हितंच, ह्या तुमच्या टिंबांचं वरलं टोक हाय ना, तितं. वाळल्या कारवीचा चूड पेटवायचा, हातभर लांब, आनि कड्यावरनं खाली आख्ख्या गावाला ओवाळायचं. मग खाली तिचा भाऊ आपल्या खळ्यात पेंढ्याची मोळी पेटवतो. त्यो जाळ दिसला की समजायचं, ओवाळनी पडली. आधी बहीन, मग भाऊ. भावानं आधी पेटवायचं न्हाई, असं कुठं असतं का, ओवाळायच्या आधी ओवाळनी? मी नवी नवरी व्हते तवा आमी बायका लाईन लावून उभ्या ऱ्हायाचो, एकीचा चूड इझला की दुसरीनं पेटवायचा, आनि खाली एकेक जाळ उठायचा. कुनाच्या भावाला उशीर झाला की बाकीच्या हसायच्या, तुझा भाऊ वयनीला इचारून येतोय म्हनून. त्यातल्या निम्म्या गेल्या, निम्म्या पोरांकडं ऱ्हायला गेल्या. आता मी एकटीच. पन आयवरनं फाटलं तरी आमचं हे चालू व्हतं बरं का. तोंड बंद आनि जाळ चालू. वर्साला एकदा मी म्हनायची, हाय रं मी. त्यो म्हनायचा, मीबी हाय. झालं, त्याच्या म्होरं बहीन-भाऊ तरी काय बोलत असत्यात?

गेल्या साली न्हाई पेटला.

न्हाई पेटला म्हंजी न्हाई पेटला, त्यात इस्कटून काय सांगायचं? मी दिवेलागनीला गेले, चूड पेटवला, ओवाळलं, उभी ऱ्हायले. खाली त्या फार्महाऊसवाल्यांचं निळं-पिवळं दिवं लागलेलं, फटाकं उडत व्हतं, पन रामदासचं खळं काळंच. म्हनलं, भिजलं असंल पेंढं, वयनी आजारी असंल. चूड हाताशी आला, टाकून दिला. अंधारातच ऱ्हायले उभी. थंडी वाजली तवा घरी आले. मग दोन दिस वाटलं, मेला का काय? मेला असता तर कळवलं असतं. — कळवलं असतं का? आयच्या वेळी थांबले न्हाईत, त्याच्या वेळी कोन थांबंल? मग टोकावड्याच्या बाजारात आमच्या वाडीतल्या एकाला दिसला म्हनं, कोंबडा घेऊन चाललेला. म्हंजी कोंबडा खायला जित्ता हाय, बहिनीपायी पेंढ्याची मोळी तेवढी जड झाली. म्हनलं ठीक. त्यानं सोडलं, मीबी सोडलं. परवा भाऊबीज हाय ना? मी कड्याकडं फिरकनार न्हाई. घरात बसून टीव्ही बघनार. टीव्हीत समद्या बहिनी भावांना ओवाळत्यात, रडत्यात, गळ्यात पडत्यात, तेवढं बघितलं तरी वर्साचं पुरतं.

आता कड्याच्या ह्या सोंडेवर जायचं म्हंजी तरी काय, तुमच्या टोळ्यांची घान तुडवत जायचं. त्याच दिशी बघा, गेल्या साली, वाटेच्या तोंडाशी, अगदी मी उभी ऱ्हाते तितं, ही एवढी राख. गरम! अर्धी जळकी लाकडं, म्यागीची पाकिटं, शेंगाची टरफलं. मी पायानं बाजूला सारलं तवा उभं ऱ्हायला जागा झाली. मान्सं जाळ करत्यात ते करत्यात, निदान — काय झालं? च्या कडू लागला? मग खाली काय बघताय?

तुमी व्हता.

भाऊबीजेलाच? आठवून सांगा, पाडव्याला नसाल? तुमच्या बहिनीचा फोन आला व्हता, तू भाऊबीजेला डोंगरात काय करतोस म्हनून. हां. मग भाऊबीजच. बरं झालं, कुनाची तरी बहीन फोन करती. आनि तितंच कशाला मारला तंबू? एवढा डोंगर मोकळा — नकाशात वाट तितनं सुटते म्हनून. हा इंग्रज मेला तरी मला सुखानं जगू देत न्हाई. मग वारा सुटला म्हनून तंबू मागं झाडीत नेला, म्हनून मला दिसला न्हाईत. आनि जाळ कधी केला? दिवेलागनीला? त्याच्या आधी? दिवस बुडता-बुडता.

थांबा, पावणं. उठू नका. खाली — खाली काय दिसलं का तुमाला?

काय दिसलं?

फोटो हाय? दावा. हितं नको, सावलीत धरा, हितं काय दिसत न्हाई. तुमची तोंडं सारा बाजूला, तुमची तोंडं मला बघायची न्हाईत. ह्यो? ह्यो खाली, बारका तांबडा? मोठा करा. अजून करा. फुटतंय व्हय… फुटू द्या. हे वड्याचं वळान. ही आंब्याची झाडं. त्याच्या म्होरं — खळंच हाय ते. रामदासचं खळं. पेटवलाय की त्यानं. किती मोठा पेटवलाय बघा, एक मोळी न्हाई ही, दोन तरी असत्याल, न्हाईतर एवढा दिसंल का फोटोत? आनि मागं आभाळ अजून तांबडं. म्हंजी तुमचा जाळ बघितला आनि म्हनला, कुशीनं ओवाळलं. यंदा लवकर ओवाळलं. धावला असंल पेंढा आनायला, गुडघं दुखत्यात त्याचं.

मग तुमी काय केलं? टॉरच्या हालवल्या? शिट्ट्या मारल्या? वरडलात काय — हॅपी दिवाळी! वा. लई ग्वाड. त्याला वाटलं असंल, बहिनीकडं काय आनंदीआनंद चाललाय, कड्यावर नाचाय लागलीय म्हातारी. समाधानानं जेवला असंल, करंज्या खाल्ल्या असत्याल आनि दार लावून झोपला असंल. आनि मी त्याच्यामागनं येऊन, त्याच जागी, तुमच्याच राखेत उभी ऱ्हाऊन, काळ्या खळ्याला ओवाळत बसले. माझ्या भावाची ओवाळनी तुमच्या ताटात पडली, पावणं, आनि तुमी तिचा फोटो काढला.

न्हाई, माफी-बिफी नको. तुमाला काय ठावं? तुमाला तर वाट हाय असंच वाटत व्हतं. पन मी वर्सभर शिव्या घातल्या हो त्याला. भात लावताना घातल्या, हिरडा येचताना घातल्या, चुलीपुढं बसून घातल्या. आयला समोर धरून घातल्या. मेलास तरी येनार न्हाई म्हनले. त्यानं दोन मोळ्या पेटवल्या आनि मी — ह्या शिव्या आता कुठं ठिवू मी? कुनाला देऊ? तुमाला देऊ? तुमी घ्याल, शिकलेली मान्सं, समदं घेता.

फोन? न्हाई. न्हाई लावायचा. तुमी नका शिकवू मला. काय सांगू फोनवर, गेल्या साली पुन्याच्या पोरांना ओवाळनी घातलीस, आता मला घाल? त्यो हसंल. न्हाईतर रडंल. त्यो रडला की मला ऐकवत न्हाई, ल्हानपनापासनं ऐकवत न्हाई. फोटो? तेवढा फोटो रुपालीच्या फोनात धाडा. नंबर सांगते. न्हाई, कुनाचा हाय म्हनून लिवू नका. नुसता धाडा.

आनि उठा आता. घडी करा त्या कागदाची. वाट न्हाई, सांगितलं ना, कडा हाय; गाडी जितं लावली तितं सरळ माघारी जावा. आनि ऐका, परवा दिवस कलला की ह्या सोंडेवर एक काडीसुदिक पेटली न्हाई पायजे. तुमच्या समद्या टोळ्यांना सांगा, टाका तुमच्या त्या ग्रुपात. तंबू मारा, गानी म्हना, नाचा — अंधारात नाचा. जो जाळ करंल त्याला मी सोता कड्यावरनं वाट दावीन. — अजून काय बघताय? निघा की. मला रानात जायचंय. यंदा पाऊस लई लांबला, परवापतोर वाळली कारवी कुठं गावती का बघाया पायजे.